हजर नऊ, झोपलेले चार

श्रीकांत नाफडेला एका माणसाशी उत्तम बोलता येई. दोघांशीही येई. तिघे असले तर जरा खाकरून, सदऱ्याची बाही सारखी करून तो वेळ मारून नेई. चौथा माणूस येऊन बसला की मात्र त्याच्या घशाला कोरड पडायची, आणि डोळे जे स्वतःच्या चपलांवर जाऊन बसायचे ते सभा उठेपर्यंत तिथेच. अशा माणसाला सरकारनं नोकरी दिली ती गावोगाव जाऊन भाषणं करायची.

तसा दोष सरकारचाही नव्हता. श्रीकांत नागपूरच्या शेतकी कॉलेजातून पहिल्या वर्गात पास होऊन आला होता. केळीबद्दल त्याला जे माहीत नव्हतं ते बहुधा केळीलाही माहीत नसावं. बुऱ्हाणपुरात विकास योजनेचं नवं ऑफिस उघडलं तेव्हा त्याला शेतकी सहायक म्हणून घेतलं, एक सायकल दिली, एक गुंडाळी करायचा कापडी तक्ता दिला आणि सांगितलं, गावात जा, माणसं गोळा करा, चार शब्द सांगा. माणसं गोळा करायला पाटील असत. चार शब्दांचीच पंचाईत होती.

पहिली सभा झाली बहादरपूरला, चौपन्न सालच्या भादव्यात, मारुतीच्या पारावर. चुडामण पाटलांनी सतरंजी टाकली होती. श्रीकांतनं आदल्या दोन रात्री जागून भाषण लिहिलं होतं. ते त्यानं चपलांना वाचून दाखवलं. "उपस्थित बंधुभगिनींनो, प्रस्तुत प्रसंगी कदलीकंदांच्या पार्श्वप्ररोहांविषयी दोन शब्द निवेदन करण्याची अनुज्ञा असावी." पार्श्वप्ररोह म्हणजे पिलं, केळीच्या बुडाशी फुटतात ती. ती वेळेवर काढावीत आणि झाडामागे एकच ठेवावं, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण 'पिल' हा शब्द पहिल्या वर्गात पास झालेल्या माणसाला शोभत नाही असं त्याला वाटलं असावं. तक्ता उघडला तर त्यावरचं केळीचं झाड रंगाऱ्यानं असं काढलेलं, की मागून कुणीतरी विचारलंच, "हा कोबी का?"

अर्ध्या तासानं त्यानं मान वर करून विचारलं, "काही शंका?"

पुढे बसलेली एक बाई, सोजरबाई, तेवढी टक्क जागी होती. तिच्या शेजारी तिचा नवरा उखर्डू गुडघ्यावर डोकं टेकून घोरत होता. सोजरबाई म्हणाली, "शंका नही भाऊ. तुमी कोन्या गावचे, येवढं सांगा."

"बुऱ्हाणपूरचा. राजपुऱ्यात राहतो."

"मंग आपल्याच अठीचे की," ती म्हणाली. असं बोलणारा माणूस इथलाच निघाला, याचं तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

दर सभेचा अहवाल ऑफिसात द्यावा लागे. श्रीकांत बोलण्यात कच्चा असला तरी लिहिण्यात पक्का होता, आणि खोटं लिहिणं त्याला जमत नसे. त्यानं लिहिलं: "बहादरपूर. हजर नऊ. झोपलेले चार. मध्येच उठून गेलेले दोन; पैकी एकाची म्हैस सुटली होती, दुसऱ्याचं कारण कळू शकलं नाही. प्रश्न एक. तो वक्त्याच्या गावाविषयी होता."

शेजारच्या टेबलावर गिरधर बसायचा. तोही शेतकी सहायकच. त्याच्या सभांना कधी दीडशेच्या खाली माणूस नसे, आणि तो स्वतः त्या वेळी बहुधा शहरात शनवाऱ्याच्या चौकात चहा पीत असे. त्यानं अहवाल वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे यार नाफडे, एक बिंदी लगा दे. नौ का नब्बे हो जाएगा."

"आणि झोपलेले?"

"सोने वालों को कौन गिनता है?"

श्रीकांत मोजत असे. दोन वर्षं तो गावोगाव फिरला, डोईफोडियापासून पार इकडे तापीकाठापर्यंत, आणि दर सभेला किती डोळे मिटले ते इमानेइतबारे कागदावर उतरवत राहिला.

मग छप्पन सालचा नोव्हेंबर आला. सरकारनं नकाशावर नव्या रेघा मारल्या. नागपूर एका बाजूला गेलं, बुऱ्हाणपूर दुसऱ्या बाजूला राहिलं, आणि राजधानी एकदम भोपाळला जाऊन बसली. ऑफिसातल्या खुर्च्या त्याच होत्या, उंदीरही तेच होते. पण कागद मराठीतून हिंदीत गेले आणि माणसं कुठून कुठून येऊ लागली. कुणी ग्वाल्हेरकडचा, कुणी रीव्याचा, कुणी खास भोपाळचा. चार राज्यांची माणसं एका हजेरीपटावर आली. सगळे हिंदीच बोलत, पण एकमेकांना दोन-दोनदा विचारत. सत्तावन्नचा पावसाळा सरता सरता मोठे साहेब म्हणून यादवसाहेब आले, ग्वाल्हेरकडचे. भरघोस मिशा, कमी बोलणं.

साहेबांना जुने अहवाल पाहायचे होते आणि मराठी येत नव्हतं. म्हणून गिरधर वाचून हिंदीत सांगायला बसला. स्वतःचे अहवाल त्यानं मोठ्या आवाजात वाचले. दीडशे, दोनशे, एकदा तर साडेचारशे. साहेब ऐकत होते. मग श्रीकांतची फाईल निघाली. "उपस्थित नौ, सोए हुए चार," गिरधर वाचू लागला आणि त्यालाच हसू आवरेना. "उपस्थित तेरह, सोए हुए सात. एक कुत्ता." साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसताहेत की काय, हे मिशांमुळे कळत नव्हतं.

"इनको बुलाओ."

श्रीकांत आत गेला तो चपलांकडे पाहतच.

"नाफडे साहब," यादवसाहेब म्हणाले, "इस दफ़्तर में आप ही एक आदमी हैं जिसकी सभा में सचमुच लोग आए थे." गिरधर खिडकीबाहेर पाहू लागला. "दिसंबर में खंडवा में ज़िले का किसान सम्मेलन है. भोपाल से लोग आएँगे. केले पर आप बोलेंगे. बीस मिनट."

"साहेब, मी... मैं... वो..."

"हिंदी में," साहेब म्हणाले आणि दुसरी फाईल उघडली.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा चेहरा असा, की त्याच्या बायकोला, मालतीला, वाटलं बदली झाली. खरं कारण कळल्यावर ती म्हणाली, "अहो, तीन महिने आहेत. बसून बोलायचंय की उभं राहून?"

"उभं राहून. माइकवर. हजार माणूस असणार."

"हजार! मग नीट मोजायला तरी मिळतील," मालती म्हणाली.

श्रीकांत अभ्यासू माणूस. त्यानं वाचनालयातून वक्तृत्वावरचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की कुठल्याशा परदेशातला एक तोतरा माणूस तोंडात खडे धरून समुद्रासमोर बोलायचा, आणि पुढे फार मोठा वक्ता झाला. बुऱ्हाणपुरात समुद्र नव्हता, पण तापी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत राजघाटावर गेला, वाळूतले दोन गुळगुळीत खडे धुऊन तोंडात ठेवले आणि पाण्याकडे तोंड करून पार्श्वप्ररोहांविषयी बोलू लागला. पलीकडे धुणं आपटणाऱ्या बाया हात थांबवून पाहू लागल्या. एकीनं दुसरीला विचारलं, "काय करी राहिला वं हा?" दुसरी म्हणाली, "तापीमायले केळी कशी लावाची ते सांगी राहिला." ते ऐकून श्रीकांत दचकला, आणि एक खडा गेला पोटात.

मालतीनं त्याला दोन दिवस फक्त केळी खायला घातली. तिसऱ्या दिवशी सगळं ठीक झालं. पुस्तक मात्र तिनं स्वतःच वाचनालयात परत नेऊन दिलं.

"आता माझ्यासमोर बोला," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. मी तूरडाळ निवडते, तुम्ही बोला. अडखळलात की 'म्हणजे' म्हणता, ते ठाऊक आहे ना?"

"मी? कधी?"

"बोला तर."

तिनं पुढ्यात सूप घेतलं, शेजारी एक रिकामी वाटी ठेवली. श्रीकांत बोलू लागला. तो 'म्हणजे' म्हणाला की ती डाळीची एक चिमूट वाटीत टाकी. पहिल्या संध्याकाळी भाषण निम्म्यावर आलं तेव्हा वाटी भरली, आणि रात्री त्या डाळीचं वरण झालं. श्रीकांत ते मुकाट्यानं जेवला. आठवड्याभरात वाटी अर्धी राहू लागली. पंधरा दिवसांत तळ झाकण्यापुरती. 'म्हणजे' गेलं, पण डोळे काही वर येईनात. मालतीसमोर उभा राहूनसुद्धा तो सुपाकडे पाहून बोलायचा.

"मला तुमचं पाठ झालं," एक दिवस ती वैतागून म्हणाली, "पण पिलं का काढायची ते अजून कळलं नाही. पहिली पाच मिनिटं तर तुम्ही नुसती परवानगीच मागता. कुणी नको म्हटलंय का?"

श्रीकांतला राग आला. पण राग आला तरी तो खोटं बोलत नसे. म्हणून सायकल काढून बहादरपूरला निघून गेला. तिथे सोजरबाईनं निरोप धाडला होता, की बागेत पानं पिवळी पडताहेत, येऊन पाहा.

सोजरबाईची तीन एकर केळी होती. कागदावर नाव उखर्डूचं होतं, पण बोलायचं, भांडायचं आणि ठरवायचं काम त्यानं लग्नाच्या दिवसापासून बायकोवर सोपवलेलं, आणि त्यात तो सुखी होता. श्रीकांत बागेत शिरला आणि एका झाडापाशी उकिडवा बसला. हातानं माती उकरली. बुडाभोवती पिलं मोजली. सात.

"हे पाहा सोजरबाई," तो म्हणाला, आणि सुरू झाला. कंदावर बोट ठेवून, मुळी दाखवून, पान उलटं करून. घड का बारीक येतो, पिल कोणतं ठेवायचं, कोणत्या बाजूचं ठेवायचं, विळा कुठे मारायचा म्हणजे ते पुन्हा डोकं वर काढत नाही. तो बोलत गेला आणि सोजरबाई ऐकत गेली. उखर्डू मोटेचे बैल सोडून जवळ येऊन बसला आणि झोपला नाही. बऱ्याच वेळानं श्रीकांत थांबला.

"भाऊ," सोजरबाई म्हणाली, "त्या साली पारावर तुमी जे सांगत व्हते, ते हेच का?"

"हेच."

"मंग तठी असं काऊन नही सांगितलं?"

"तिथं माणसं होती."

"आन मी काय म्हैस हाय?"

श्रीकांत ओशाळला. त्यानं तिला सगळं सांगितलं. खंडव्याचं, माइकचं, हजार माणसांचं. खड्याचंही सांगितलं. सोजरबाईनं पदर तोंडाला लावून हसून घेतलं, मग गंभीर झाली. "तुमी लोकायच्या पायाशी बोलता. पाय काय ऐकते? आन ते सात पिलं म्हनून राहिले ना, तर सरळ म्हना, एका मायच्या अंगावर सात लेकरं लोंबी राहिले, तर मायच्या अंगात काय राह्यल?"

श्रीकांत कानापर्यंत लाल झाला. "असं सभेत कसं म्हणायचं?"

"काऊन? सभेतले लोक काय बिना मायचे जन्मले?"

तिनं त्याला पुढच्या बुधवारी पुन्हा बोलावलं. "मीच राहीन. आनखी कोनी नही. उरलेलं समजावून सांगा."

बुधवारी तो गेला. सोजरबाईनं त्याला एका जाडजूड झाडापाशी बसवलं, बांधाकडे पाठ करून, आणि स्वतः समोर बसली. ती प्रश्न विचारू लागली, तेही जरा जास्तच मोठ्यानं; पण तिचा आवाज मुळातच तसा असल्यामुळे श्रीकांतला काही वावगं वाटलं नाही. तो रंगात आला. पिलांचा हिशेब झाला, पाण्याचा झाला, मातीची भर कशी द्यायची ते झालं. "आता विळा द्या," म्हणून त्यानं वर न पाहताच हात पुढे केला, आणि विळा आला तो खांद्यावरून.

हात सोजरबाईचा नव्हता. केसाळ होता आणि मनगटावर चांदीचं कडं होतं.

श्रीकांतनं मागे वळून पाहिलं. चुडामण पाटील उभे होते. त्यांच्या मागे निंबा, त्याच्या मागे सुपडू, त्यांच्या मागे बांधावर, पाटाच्या कडेला, केळीच्या रांगेत, सगळं गाव. बाया, बाप्ये, एक म्हातारा काठी टेकून. कुणी हूं की चूं करत नव्हतं. श्रीकांतचा विळा तसाच हातात. डोळे निघालेच होते चपलांकडे.

"भाऊ!" सोजरबाई म्हणाली. "त्यायले सोडा. त्यायचं काही काम नही. मले सांगा, विळा कुठी लावाचा?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच, टक्क जागी.

"इथं," तो म्हणाला. आवाज फाटकाच निघाला. "जमिनीच्या जरा खाली. मग मधला कोंब असा... असा खुडायचा."

"म्हन्जे पुन्हा फुटत नही?"

"नाही फुटत."

चुडामण पाटलांना राहवलं नाही. "कसं काय बोलता साहेब? येक पिल म्हन्जे येक झाड. सात झाडं सोडून येक ठेवाचं?"

"पाटील, सात झाडं नाहीत, सात तोंडं आहेत," श्रीकांत म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून ते गेलंच. "एका मायच्या अंगावर सात लेकरं लोंबकळत असली तर..." पुढचं बायांच्या हसण्यात बुडालं. पाटीलही हसले. मग वाद झाला, चांगला तासभर. निंबा म्हणाला पाणी कमी पडतं, सुपडू म्हणाला बियाणंच वाईट. श्रीकांत एकेकाला उत्तर देत होता. आपण केव्हा उभे राहिलो, हे त्याला समजलंही नाही.

घरी आल्यावर त्यानं सायकल भिंतीला नीट न टेकवताच सांगितलं, "सत्तेचाळीस!"

"झोपलेले?" मालतीनं विचारलं.

"उभे होते सगळे."

"उभ्यानं झोपणारेही असतात," ती म्हणाली, पण त्या दिवशी तिनं शिरा केला.

आता राहिली हिंदी. ऑफिसनं भाषण लिहून दिलं होतं, टाइप करून, चार पानं. मथळा 'कदली-उत्पादन की वैज्ञानिक प्रविधि'. श्रीकांतनं घरी वाचून दाखवलं. मालती राजपुऱ्यात वाढलेली. भाजीवाल्यांशी, बोहऱ्याच्या दुकानात, शेजारच्या हकीमसाहेबांच्या बायकोशी तिची हिंदी धडाधड चाले. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, "ही कदली कोण?"

"केळ."

"मग केला म्हणा ना. इथं पोराटोरांना कळतं. तुम्ही बाजारात बोलता तसं बोला."

"बाजारातली हिंदी भोपाळच्या साहेबांसमोर?"

"केळी साहेब लावणार आहेत का?"

तरी श्रीकांतनं ती चार पानं पाठ केली. सरकारी कागद होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी सोजरबाईनं उखर्डूबरोबर एक केळीचं झाड पाठवलं. छातीइतकं उंच, बुडाशी मातीचा गोळा, गोळ्याला गोणपाट, आणि भोवती सात पिलं. सोबत विळाही. निरोप असा होता: "तक्ता नेऊ नका, लोकं कोबी म्हनतीन. आन तठी बी कोनी तरी जागं असंल. त्याले पाहून सांगा."

बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर तिकीट तपासनीस झाडाभोवती एक फेरी मारून आला. "ये पेड़ किसका है?"

"सरकारी काम से है," श्रीकांत म्हणाला.

"पेड़ का टिकट?"

श्रीकांतनं त्याला झाड का चाललंय ते सांगायला सुरुवात केली. गाडी वेळेवर नव्हती. तपासनीसाची सासुरवाडी निघाली रावेरकडची, तिथे त्याच्या सासऱ्याची केळी. पंधरा मिनिटांनी तोच झाड उचलायला हात लावत होता. "तो एक ही बच्चा रखना है, पक्का?" गाडी हलल्यावरही तो खिडकीशी चालत विचारत राहिला.

खंडव्याचा मंडप मोठा होता. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे सतरंज्यांवर शेतकरी, एका बाजूला बाया. भोपाळचे साहेब आधी बोलले. पाऊण तास, उत्तम, संस्कृतप्रचुर. श्रीकांतनं सवयीनं मोजायला सुरुवात केली. सोफ्यांच्या पहिल्या रांगेतच झोपलेले अकरा. त्यात यादवसाहेब होते की नव्हते, हे मिशांमुळे नक्की सांगता येत नव्हतं.

मग नाव पुकारलं. श्रीकांत माइकपाशी गेला, चार पानं समोर ठेवली. "माननीय अध्यक्ष महोदय, कदली-उत्पादन की..." मागच्या सतरंजीवर दोन शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं ओठांनीच विचारलं, कदली? दुसऱ्यानं खांदे उडवले.

श्रीकांत थांबला. तीन क्षण, चार क्षण, पाच. मंडपात कुजबुज थांबली, कारण बोलणारा माणूस गप्प झाला की सगळे वर पाहतात. सोफ्यावरचे दोघे-तिघे जागे झाले. श्रीकांतनं पानं घडी करून खिशात घातली, माइक सोडला, व्यासपीठाच्या कडेला ठेवलेल्या झाडापाशी गेला आणि चक्क उकिडवा बसला.

"पास आ जाओ भाई," तो माइकशिवायच ओरडला. "उधर से दिखेगा नहीं. बहन लोग भी आओ."

आधी कुणी हललं नाही. मग एक म्हातारा उठला, लाल फेटा, पांढऱ्या भुवया, आणि सरळ व्यासपीठाच्या कडेशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे दहा आले, मग पन्नास. सोफेवाल्यांना काही दिसेना म्हणून तेही उठले. म्हाताऱ्याचे डोळे श्रीकांतच्या हातांवर खिळले होते. श्रीकांतला वाटलं, हाच तो. जागा आहे. याला सांगू.

वीस मिनिटं तो त्या म्हाताऱ्याशी बोलला. बाजारातल्या हिंदीत, मध्येच मराठीत, मध्येच 'अठी' आणि 'तठी' घालून. म्हातारा दर वाक्याला मान डोलवत होता. त्याच्या मानेनं श्रीकांतला बळ येत होतं. "एक माँ के दूध पे सात बच्चे लटके हों, तो माँ बचेगी क्या?" तो म्हणाला, आणि यावेळी लाल झाला नाही. बाया हसल्या, मग मंडप हसला. विळा चालला. सहा पिलं एकामागून एक पडली, सातवं राहिलं. "बस. इतनाच है," तो म्हणाला आणि उठला.

आभार मानायचे राहून गेले. भोपाळच्या साहेबांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला तेव्हा श्रीकांतच्या उजव्या हातात विळा होता. साहेबांनी हात मागे घेतला.

खाली उतरल्यावर तो आधी त्या म्हाताऱ्याला शोधायला गेला. म्हातारा धूलकोटचा होता, नाव यशवंता. बरोबर त्याचा पुतण्या कौतिक होता. श्रीकांतनं विचारलं, "बाबा, समझ में आया?"

म्हाताऱ्यानं प्रसन्नपणे मान डोलवली.

"ते ऐकत नाहीत साहेब," कौतिक म्हणाला. "दहा वर्षं झाली. ठार बहिरे आहेत."

श्रीकांत मटकन खुर्चीवर बसला. वीस मिनिटं! कौतिकनं काकाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "साहेब पुसते, समजलं का?" यशवंता हसला. श्रीकांतच्या हातातला विळा त्यानं घेतला, खाली वाकला, आणि व्यासपीठावरून खाली पडलेल्या एका पिलावर करून दाखवलं. जमिनीच्या जरा खाली, मग मधला कोंब, असा. अगदी बरोबर. एक बोट वर केलं. एकच ठेवायचं.

भोपाळच्या साहेबांनी शेरा लिहिला तो पुढे महिन्याभरानं ऑफिसात आला: "भाषा अशुद्ध. विषय स्पष्ट. शिष्टाचार सुधारणे आवश्यक." यादवसाहेबांनी तो श्रीकांतला वाचून दाखवला आणि त्याच दमात दुसरा कागद दिला. जिल्ह्यातल्या बारा सहायकांना सभेत कसं बोलायचं ते नाफडे शिकवतील. गिरधरचं नाव यादीत पहिलं होतं.

अट्ठावन्नच्या उन्हाळ्यात ते बारा जण सोजरबाईच्या बागेत उतरले. श्रीकांतनं त्यांना कसलंही पुस्तक दिलं नाही. 'बंधुभगिनींनो' म्हणायला बंदी केली, कागद बाहेर ठेवायला लावले, आणि एकेकाला सोजरबाईसमोर बसवलं. गिरधर आधी तोऱ्यात होता. त्यानं हात हवेत फिरवून जोरदार सुरुवात केली. सोजरबाई म्हणाली, "भाऊ, हात खाली घ्या, माशी बसू नही राहिली तुमच्यावर." सगळे हसले. गिरधर घामाघूम झाला; पण दुसऱ्या खेपेला हात खाली ठेवून बोलला, आणि बरं बोलला. संध्याकाळी त्यानं श्रीकांतला विचारलं, आपल्या सभेला खरोखर किती माणसं येतील. "जा आणि मोज," श्रीकांत म्हणाला.

शेवटी आला रीव्याकडचा एक पोरगेला सहायक, रामसजीवन. नोकरीत सहा महिने झालेले. त्याची बोली अशी, की सोजरबाईला त्यातलं दर चौथं वाक्य कळे. पण तो तिच्याकडे पाहून बोलत होता, आणि कळलं नाही की थांबून झाडाला हात लावून दाखवत होता. सोजरबाईनं त्याला मध्येच अडवलं. पिल काढल्या जागी मुंग्या होतात, त्याचं काय करायचं?

बाकीचे अकरा जण कान टवकारून बसले. रामसजीवननं मुंग्यांच्या जागी वाकून पाहिलं. डोकं खाजवलं.

"अम्मा, हमको मालूम नहीं," तो म्हणाला. "पूछ के बताएँगे. परसों आऊँ?"

"ये," सोजरबाई म्हणाली. "जेवाले ये."

श्रीकांतनं बारा जणांचे गुण मांडले. रामसजीवनला पहिला नंबर दिला.